साउंडवेव्ह: सर्वांचे ऐकून घेणारा खलनायक

ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या विश्वातील दुष्टांची नावे घ्यायची झाली, तर बहुतेकांच्या तोंडी आधी मेगाट्रॉन येतो आणि पाठोपाठ त्याच्या गादीवर सतत डोळा ठेवून असणारा स्टारस्क्रीम. मला मात्र या दोघांपेक्षा साउंडवेव्ह अधिक घातकी वाटत आलेला आहे आणि त्याला कारण आहेत त्याच्या खेळण्याच्या खोक्यावर छापलेल्या मोजक्या ओळी.

हे खेळणे मुळात खलनायक म्हणून जन्माला आलेच नव्हते. जपानच्या टाकारा कंपनीच्या मायक्रोमॅन मालिकेत १९८३ च्या सुमारास मायक्रो चेंज नावाची एक शाखा निघाली. रोजच्या वापरातील वस्तू, त्याही जवळपास मूळ आकारातच, उलगडून त्यांचे यंत्रमानव करायचे, ही त्यामागची कल्पना. त्यांपैकी एक छोट्या टेप रेकॉर्डरचा होता. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी आणि टाकाराच्याच डायाक्लोन मालिकेतील वाहने एकत्र करून १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. त्यांना कथा देण्याचे काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. तेथे जिम शूटर यांनी कथेचा पहिला आराखडा तयार केला आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे व स्वभाव दिले.

खेळण्याची रचनाच अशी आहे की स्वभाव तिच्यातूनच सुचावा. निळ्या, चौकोनी टेप रेकॉर्डरचे हातपाय मोकळे केले की त्याचे पारदर्शक झाकण यंत्रमानवाच्या छातीवर येते. कळ दाबताच झाकण उघडते आणि आतून एक इवलीशी कॅसेट बाहेर पडते, जिच्या घड्या उलगडल्या की बझसॉ नावाचा यांत्रिक पक्षी तयार होतो. रॅव्हेज हा जॅग्वार, लेझरबीक हा दुसरा पक्षी, रंबल आणि फ्रेन्झी ही भांडकुदळ जोडी, हे सगळे वेगळे विकत मिळणारे सोबतीही याच छातीत मावतात. साउंडवेव्हची शस्त्रेसुद्धा मिटवून बॅटऱ्यांच्या आकाराची करता येतात आणि पाठीवरच्या बॅटरीच्या कप्प्यात बसतात. एका वस्तूचे सोंग इतके निगुतीने रचलेले क्वचितच पाहायला मिळते. टेबलावर निमूटपणे पडून राहणारे, कोणाचेही लक्ष न वेधणारे आणि कानावर पडेल ते साठवून ठेवणारे यंत्र गुप्तहेराखेरीज दुसरे कोण होणार?

खोक्यावरच्या परिचयात मात्र हेरगिरीच्या कितीतरी पुढचे काही आहे. साउंडवेव्ह मेंदूतील विद्युत्स्पंदने टिपून इतरांच्या मनातील विचार वाचू शकतो आणि हाती लागलेल्या गुपितांचा वापर स्वतःचे स्थान उंचावण्यासाठी करतो, असे तेथे म्हटलेले आहे. दुसऱ्यांच्या किंकाळ्या त्याला संगीतासारख्या गोड वाटतात. तो आपल्याच पक्षातील लोकांना धमकावतो, म्हणून सगळे डिसेप्टिकॉन, म्हणजे मेगाट्रॉनच्या दुष्ट पक्षातील यंत्रमानव, त्याचा मनस्वी तिरस्कार करतात आणि संधी मिळताच सूड उगवायला टपलेले असतात. शत्रूशी लढणारा दुष्ट कोणीही लिहील. स्वतःच्या छावणीतच ज्याच्या आसपास कोणी मोकळेपणाने विचारसुद्धा करू शकत नाही, असा दुष्ट एका खोक्याच्या मागच्या बाजूवर, काही इंचांच्या जागेत उभा करणे हे मला फार मोठे कौशल्य वाटते.

खेळण्यांबरोबर १९८४ मध्येच सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने हे सारे जवळजवळ बाजूला ठेवले. फ्रँक वेल्कर यांचा आवाज यंत्रातून फिरवून एकसुरी, धातूसारखा करण्यात आला आणि त्या आवाजाने पात्राचा स्वभावच बदलून टाकला. ज्याच्या बोलण्यात राग, लोभ, हेवा यांचा मागमूस नाही, तो महत्त्वाकांक्षी धमकीखोर वाटणार तरी कसा? पडद्यावरचा साउंडवेव्ह मेगाट्रॉनचा निष्ठावंत, अल्पभाषी सेवक झाला आणि लोकांच्या मनात तोच बसला. स्टारस्क्रीमच्या रोजच्या कारस्थानांशेजारी ही निष्ठा उठून दिसते, हे मान्यच करायला हवे. तरीही दुसऱ्यांची मने वाचणारा अधिकारी आपल्या धन्याचे मन वाचून त्याविषयी काय करतो, हा प्रश्न त्या मालिकेने फारसा उकरून काढला नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

खोक्यावरच्या मनकवडेपणाला पुढे खरी जागा मिळाली ती आयडीडब्ल्यू या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांमध्ये. तेथे साउंडवेव्हचा पूर्वेतिहास डिसेप्टिकॉन आणि त्यांच्या शत्रूंमधील युद्धाआधीच्या सायबरट्रॉनवर, म्हणजे या यंत्रमानवांच्या मूळ ग्रहावर, घडतो. या ग्रहावर तो रस्त्यावर पडलेला एक निराधार असतो. भोवतालच्या सर्वांचे विचार आणि आवाज एकाच वेळी त्याच्या डोक्यात घुसत असतात, ते त्याला थोपवता येत नाहीत आणि त्या कोलाहलात त्याची शुद्ध हरपत चाललेली असते. रॅव्हेज आणि ते दोन पक्षी त्याला एकेका आवाजावर लक्ष केंद्रित करायला शिकवतात. जे सोबती पूर्वी केवळ छातीतून बाहेर फेकायची हत्यारे होते, ते यामुळे त्याचे कुटुंब ठरतात. खलनायकाला दुःखद बालपण चिकटवण्याच्या फॅशनचा मला एरवी कंटाळा आहे, पण येथे दुःख वरून चिकटवलेले नाही, ते त्याच्या शक्तीतूनच उगवलेले आहे.

टेप रेकॉर्डर कालबाह्य झाल्यावर साउंडवेव्हचे करायचे काय, हा पेच मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीला पडला. २००९ च्या चित्रपटात त्याला उपग्रह केले गेले. हेरगिरीच्या दृष्टीने ती निवड चोख होती, पण छातीचे झाकण आणि ती कळ गेल्यामुळे पात्र ओळखू येईना. २०१८ च्या 'बम्बलबी' चित्रपटात सायबरट्रॉनवरच्या लढाईचे एक छोटे दृश्य आहे. त्यात निळा, चौकोनी छातीचा साउंडवेव्ह पुन्हा अवतरतो आणि झाकण उघडून रॅव्हेजला सोडतो. पृथ्वीवर पाऊलही न ठेवलेल्या यंत्रमानवाच्या छातीत कॅसेटचा कप्पा आला कोठून, हे तेथे कोणी सांगत नाही, आणि माझ्या माहितीतल्या एकाही चाहत्याने ते विचारलेले नाही.