काही खातच नाही? आधी दुधाचे कप मोजा

दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार म्हणजे ‘काही खातच नाही’. हडकुळ्या पोराची आई हेच म्हणते आणि गुटगुटीत नातवाची आजीही हेच म्हणते. दोन्ही घरांत पहिल्यांदा पाहायचं ते एकच, दिवसभरात दूध किती जातं.

हिशोब करून बघा. म्हशीच्या 200 मिली दुधात साधारण 200 कॅलरी. वर दोन चमचे साखर, म्हणजे आणखी 40. असे तीन कप झाले की 720. तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज हजार-अकराशेच्या आसपास असते. मधे चार ग्लुकोज बिस्किटं गेली की आणखी शंभर. मग जेवायला बसल्यावर त्याने तोंड फिरवलं तर नवल कसलं? मूल उपाशी नाही, त्याचं पोट आधीच भरलंय. या दुधात लोह जवळपास नसतंच, त्यामुळे वजन ठीक आणि हिमोग्लोबिन मात्र कमी, अशी मुलं खूप दिसतात. मूल एक वर्षाचं झाल्यानंतर दिवसाला 400 ते 500 मिली दूध पुरे. बाटली बंद, कपाने द्यायचं आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत आणायची. दुधात घालायच्या पावडरीही बहुतेक गोडच असतात. डब्यावरचा साखरेचा आकडा वाचा, म्हणजे कळेल.

आता वजन. नुसता किलोचा आकडा फसवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन 14.3 किलो आणि मुलीचं 13.9 आहे, पण मुलग्यासाठी 11.3 पासून 18.3 पर्यंतचं सगळं सामान्य पट्ट्यातच येतं. म्हणून शेजारच्या पोराशी तुलना करण्यात अर्थ नाही. वाढीच्या तक्त्यावरची मुलाची स्वतःची रेघ बघायची आणि वजनाबरोबर उंचीही मोजायची. बुटक्या मुलाचं वजन वयाप्रमाणे बरोबर दिसतं, पण उंचीच्या मानाने ते जास्त असू शकतं. मोजताना डायपर, चपला, स्वेटर काढून, दर वेळी त्याच काट्यावर मोजा. घरी मोठ्यांचा काटा असेल तर मुलाला कडेवर घेऊन एकदा, मग तुम्ही एकट्याने एकदा उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. काटा शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते चुकवू नका.

दुसऱ्या वाढदिवसानंतर वर्षाला साधारण दोन किलो वाढ अपेक्षित असते. पहिल्या वर्षी वजन तिप्पट झालेलं पाहिलेल्या घराला ही वाढ नगण्य वाटते आणि तिथूनच भरवण्याची जबरदस्ती सुरू होते. खरं तर या वयात बाळसं उतरतं आणि मूल सडपातळ दिसू लागतं. ते तसंच व्हायला हवं.

जेवणाचं वेळापत्रक असं ठेवा: तीन जेवणं, दोन खाणी, दोन्हींत अडीच-तीन तासांचं अंतर, मधे फक्त पाणी. काय आणि कधी हे मोठ्यांनी ठरवायचं, किती हे मुलाने. ताटात सुरुवातीला अर्धा फुलका, दोन चमचे भाजी, पाव वाटी घट्ट वरण एवढंच. संपलं तर पुन्हा. अर्ध्या तासात ताट उचलायचं, न रागावता. नंतर भूक लागली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबू द्या. बिस्किटाचा पुडा फोडलात तर सगळं वेळापत्रक मोडलं. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात आल्याशिवाय ‘त्याला आवडत नाही’ असा निकाल देऊ नका. आणि मोबाइल दाखवून भरवणं हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट. पोट भरल्याची जाणीवच त्यात हरवते, मग कुणी कमी खातं, कुणी जास्त.

वजन कमी असेल तर ताट वाढवण्यापेक्षा घासातला कस वाढवा. वरणाच्या पाण्याने फक्त पोट भरतं. त्याऐवजी घट्ट वरण, त्यावर चमचाभर तूप (सुमारे 45 कॅलरी), भाजीत शेंगदाण्याचं कूट, रोज एक अंडं, नाचणीची दाट खीर. अख्खे शेंगदाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. आजारपणानंतर दोन आठवडे एक जेवण जास्त द्या. अंगणवाडी-शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात, तीही घ्या.

वजन जास्त असेल तर डाएट अजिबात नको आणि दोन वर्षांच्या आत फॅट काढलेलं दूधही नको. वजन उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. उंची वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढते, तेवढ्यात प्रमाण आपोआप सुधारतं. पॅकेटं, फळांचे रस, आणि आजोबांच्या खिशातली गोळी (हे सर्वात अवघड) बंद करा. रसाऐवजी अख्खं फळ द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात तीन तास हलतं असावं, त्यातला तासभर धापा टाकणारा खेळ. स्क्रीन तासाभराच्या आत. झोप 10 ते 13 तास. ‘जाड्या’ म्हणणं आजपासून बंद, लाडानेही नाही.

लागोपाठ दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही, घटलं, किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. अंगणवाडीताईंकडे मोजायची पट्टी असते, त्याच दिवशी जा.