शिरोरेषा स्वच्छ, काने पुसट: जुन्या लॅपटॉपच्या रिझोल्यूशनची नोंद

बंद पडलेल्या डेस्कटॉपमधील एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह) काढून ती १४ इंची जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि तिच्यावरील लिनक्स काहीही कुरकुर न करता सुरू झाले, तेव्हा काम संपले असे मला वाटले होते. लॅपटॉप बाबांसाठी होता. सकाळचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर उरलेल्या बातम्या त्यांना पडद्यावर वाचायच्या असतात. पाचच मिनिटांत त्यांनी हाक मारली, “काऊन रे, हे अक्षरं फुगल्यासारखे काऊन दिसून राहिले?”

चष्मा पुसून झाला, पडद्याचा कोन बदलून झाला. अक्षरे फुगलेलीच होती. नागपुरात तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, सुरू होता आणि दुपारी कूलरसमोरून हलण्याची सोय नव्हती, त्यामुळे तिथेच बसून एक ओळ भिंगाखाली धरून पाहिली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. शिरोरेषा अगदी स्वच्छ आणि कापल्यासारखी सरळ होती, पण काने मात्र एकसारखे नव्हते. एक काना बारीक, त्याच्या शेजारचा जाड आणि कडेने राखाडी, असे पूर्ण ओळभर चालले होते. ‘मामा’ या साध्या शब्दातल्या उभ्या रेघांची जाडीसुद्धा जुळत नव्हती.

दोष फक्त उभ्या रेघांत असेल, तर चित्र आडवे ताणले जात आहे, हे उघड होते. या लॅपटॉपचे पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा, १३६६×७६८ चे (१३६६ उभे स्तंभ, ७६८ आडव्या ओळी) आहे आणि सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०२४×७६८ दिसत होते. उंची तंतोतंत जुळत असल्यामुळे शिरोरेषेला धक्का लागत नव्हता. रुंदीत मात्र चित्राचे तीन स्तंभ पॅनेलच्या जवळजवळ चार स्तंभांवर पसरत होते, आणि जो काना त्या जोडाच्या जागी येई तो दोन स्तंभांत वाटला जाऊन राखाडी होई. रोमन लिपीत हा फरक इतक्या लवकर डोळ्यांत भरला नसता, असे मला वाटते. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर एक लांब आडवी रेघ आणि तिला टांगलेल्या उभ्या रेघा असल्यामुळे देवनागरी मजकूर हाच एक चाचणी नमुना ठरतो.

सेटिंगच्या यादीत १०२४×७६८ खेरीज दुसरा पर्यायच नव्हता. टर्मिनलमध्ये एक्सरँडर ही पडद्याचे मोड, म्हणजे रिझोल्यूशनचे पर्याय, दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा चालवल्यावर किमान, चालू आणि कमाल असे तिन्ही आकडे १०२४×७६८ आले आणि पडद्याचे नाव नुसते ‘डिफॉल्ट’ असे दिसले. खरे तर याच ठिकाणी मी थांबायला हवे होते, कारण लॅपटॉपच्या पॅनेलचे नाव तिथे एलव्हीडीएस असे यायला हवे आणि ते येत नसेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर कामावरच आलेला नाही. पण उत्साहाच्या भरात मी सीव्हीटी या आज्ञेला १३६६×७६८ ची मोडलाइन (त्या मोडचा पूर्ण हिशेब सांगणारी ओळ) मागितली आणि तिने १३६८×७६८ ची दिली. ही चूक नव्हे. सीव्हीटीच्या हिशेबात रुंदी आठच्या पटीत लागते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही. ती मोडलाइन एक्सरँडरने नाकारली, आणि त्यात माझी एक संध्याकाळ गेली.

कारण शेवटी माझ्याच हाताने लिहिलेले निघाले. त्या डेस्कटॉपमधील ग्राफिक्स कार्ड सुरू होताना पडदा काळा करत असे, म्हणून मी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द घालून ठेवला होता. पडद्याचा मोड कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) स्वतः ठरवण्याची पद्धत इंटेलच्या ग्राफिक्ससाठी कर्नलमध्ये २००९ साली, २.६.२९ या आवृत्तीत आली. नोमोडसेट तीच पद्धत बंद करतो. मग बायोसने (संगणक चालू होताच जागा होणाऱ्या प्रोग्रामने) सुरुवातीला जो मोड लावून दिला असेल त्यावरच सगळा कारभार चालतो, आणि जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये १३६६×७६८ हा मोड पुष्कळदा नसतोच. एसएसडी हलली, तिच्याबरोबर तो शब्दही हलला.

हा बदल करताना थेट फाइलला हात लावू नये. आधी ग्रबच्या यादीत हव्या त्या ओळीवर ई ही कळ दाबून, कर्नलच्या ओळीतला नोमोडसेट खोडून, एफ १० ने एकदाच सुरू करून पाहावे. पडदा काळा झालाच, तर पुन्हा सुरू केल्यावर सगळे पूर्वीसारखे असते. माझ्याकडे पहिल्याच खेपेला लॉगिनचा पडदा कडेपासून कडेपर्यंत नीट उमटला, त्यानंतरच फाइलमधला शब्द काढून तो बदल लागू करणारी अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली. काने एकसारखे झाले.

बाबांची तक्रार मात्र आता उलटली: अक्षरे बारीक झाली. इथे रिझोल्यूशन पुन्हा खाली आणण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. १४ इंचांवर १३६६×७६८ म्हणजे इंचाला सुमारे ११२ पिक्सेल होतात. एक्सएफसीई या डेस्कटॉप वातावरणाच्या अपिअरन्समध्ये फॉन्टचा डीपीआय (इंचाला किती ठिपके तो आकडा) ९६ वरून १२० केला, की अक्षर मोठे होते आणि तरीही प्रत्येक रेघ पॅनेलच्या खऱ्या पिक्सेलवर बसते. बाबांनी “हं” म्हणून वाचायला घेतले.

दुसरे प्रकरण २२ इंची मॉनिटर जोडल्यावर उद्भवले. मॉनिटर १९२०×१०८० चा, केबल व्हीजीएची आणि घरातल्या खोक्यातून काढलेली. पडद्यावर मात्र पुन्हा १०२४×७६८. या वेळी व्हीजीए हे नाव यादीत नीट दिसत होते, म्हणजे ड्रायव्हरवर संशय नव्हता. मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी या १२८ बाइटच्या तुकड्यातून सांगतो. ही पद्धत १९९४ पासूनची आहे. तो तुकडा पोहोचला नाही, तर कर्नल जपून १०२४×७६८ पर्यंतचेच मोड देते. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या सिस फोल्डरमधली ईडीआयडीची फाइल मोजली, तर शून्य बाइट. यात एक फसगत आहे: फाइलींच्या यादीत तिचा आकार नेहमीच शून्य दिसतो, म्हणून ती प्रत्यक्ष वाचून बाइट मोजावे लागतात. मी वाचली, आणि ती खरोखर रिकामी होती.

तात्पुरता उपाय म्हणून सीव्हीटीकडून १९२०×१०८० ची मोडलाइन घेतली. तिचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, १७३ मेगाहर्ट्‌झ होता. चित्र आले, पण प्रत्येक कान्याच्या उजवीकडे फिकट सावली पडू लागली. मग रिड्यूस्ड ब्लँकिंगचा पर्याय देऊन १३८.५ मेगाहर्ट्‌झची मोडलाइन घेतली, मॉनिटरचे ऑटो बटण दाबले, आणि सावली जवळजवळ गेली. चित्राच्या दोन ओळींमधला आणि दोन फ्रेममधला रिकामा वेळ कमी केल्यामुळे तेच चित्र कमी वेगाने पाठवता येते, आणि जुनी लांब केबल तेवढे सांभाळू शकते. हे सगळे एक्सऑर्ग या पडद्यावर चित्र काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेवरच चालते. तिच्या जागी आलेल्या वेलँडच्या सत्रात एक्सरँडरने मोड लादता येत नाही.

तरीही ईडीआयडी का येत नाही, हे डोक्यातून जाईना. ऊन उतरल्यावर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन दुसरी केबल आणली. ती लावताच १९२०×१०८० आपोआप आले आणि फाइल मोजली तर १२८ बाइट भरले. मग जुन्या केबलचे टोक दिव्याखाली धरले. पंधरांपैकी नववी पिन नव्हती, पण ती पुष्कळ केबलींत नसते आणि त्याने सहसा बिघडत नाही. खरा दोष तिसऱ्या ओळीत होता. बारावी पिन आडवी होऊन तळाशी चिकटली होती. लाल, हिरवा आणि निळा रंग १, २ आणि ३ या पिनांतून जातो, म्हणून चित्र व्यवस्थित येत होते. ईडीआयडीचा डेटा १२ मधून आणि त्याचा क्लॉक १५ मधून जातो.

०.९ मिलिमीटरची पेन पेन्सिल घेतली, तिचे शिसे काढून टाकले, पिन सुईने थोडी उचलली, पेन्सिलचे पोकळ टोक तिच्यावर सरकवले आणि हळूहळू तिला उभे केले. घाई केली तर पिन मुळाशी तुटते. मी तीन वेळा थांबून, शेजारच्या पिनेशी रांग जुळवत गेलो. केबल लावल्यावर फाइलमध्ये १२८ बाइट आले, यादीत १९२०×१०८० आले, आणि लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये घातलेल्या माझ्या मोडलाइनच्या तिन्ही ओळी मी खोडून टाकल्या. जुन्या केबलची सावली थोडी शिल्लक आहे, म्हणून मॉनिटरला नवी केबल ठेवली आहे आणि जुनी, बाराव्या पिनेच्या बाजूला शाईची खूण करून, पुन्हा खोक्यात गेली आहे.