इंदूरच्या माळ्यांवरची मुखपृष्ठं

चित्रकार दलाल-मुळगावकरांची जुन्या मराठी अंकांवरची मुखपृष्ठं जमवणाऱ्यांनी पुण्या-मुंबईची रद्दी पुष्कळ उपसली आहे. आता इंदूरला जा. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'दीपावली'चे अंक इथल्या मराठी घरांत पोस्टानं येत आणि वाचून झाले तरी टाकले जात नसत.

मुंबईहून रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस सोयीची. राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात एक फेरी मारा, पण तिथे भर शाळा-कॉलेजच्या पुस्तकांवर. मराठी अंक क्वचितच हाती लागतो.

खरा साठा रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांत. ओळख काढून, आधी फोन करून जा आणि घाई दाखवू नका. "आधी पोहे खा, मग माळ्यावर चढा," असं एका काकूंनी बजावलं, आणि पोहे होईस्तोवर घरात कोण कोणता अंक लावायचं ते सगळं सांगितलं. वरच्या ट्रंकेत दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'चे अंक होते. 1945 साली त्यांनी स्वतः सुरू केलेला हा दिवाळी अंक. उजेड न लागल्यानं रंग असे टवटवीत, की छापील पुनर्मुद्रणांत हरवलेली त्यांची रेषा पहिल्यांदा नीट दिसली. शेजारी रघुवीर मुळगावकरांचं चित्र ठेवून पाहा: तिथे रेषा विरघळते आणि कांती उजळते. ज्या गावात चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, तिथे ही चित्रं जपली जावीत याचा मला फार आनंद वाटतो.

बांधीव खंड दिसला तर पैसे देण्याआधी उघडून बघा. बाइंडर बरेचदा मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकूनच शिवत. सुटा, कडा झिजलेला अंक त्याहून मोलाचा. मधली पानं मोजा, पिना गंजल्या असतील तर घरी येऊन अलगद काढा, फाटलेल्या जागी सेलोटेप मुळीच लावू नका. तिचा पिवळा डाग जात नाही. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी असेल तर राहू द्या, अंक कुठल्या घरी वाचला गेला ते तीच सांगते.

कुणी विकायला तयार नसेल तर आग्रह धरू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या, साल आणि चित्रकाराची सही टिपा. आणि नवरात्राच्या आधी जा. दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळे रिकामे होतात आणि गठ्ठे किलोवर जातात.