'संगीत शारदा' पडद्यावर आणताना : कामाची नोंद

गोविंद बल्लाळ देवलांचं संगीत नाटक 'शारदा' (पहिला प्रयोग 1899), म्हणजे पैशासाठी म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट, चाळीस मिनिटांच्या चित्रपटात बसवायचं काम कोल्हापुरात चालू आहे. हौशी चमू, एक कॅमेरा, भाड्याचे दिवे. संहिता पक्की, वाड्यातलं चित्रीकरण झालेलं, नदीचा प्रसंग बाकी. संगीत नाटक कॅमेऱ्यापुढे नेणाऱ्यांच्या कामाचं तेवढं इथे मांडतो.

संहिता

पाच अंकांना कात्री लावताना हात आधी संवादांकडे जातो. त्यातून फारसा वेळ वाचत नाही. वेळ लागतो तो पदांना आणि स्वगतांना. म्हणून पहिल्या वाचनात प्रत्येक पदापुढे समासात एवढंच लिहिलं : हे कोण ऐकतंय? रंगमंचावर उत्तर ठरलेलं असतं. नट दोन पावलं पुढे येतो, पेटी सूर धरते, बाकीची पात्रं थिजतात आणि पद थेट प्रेक्षकाला जातं. कॅमेऱ्यापुढे ती थिजलेली पात्रं चौकटीत दिसतात आणि हसू येतं. ज्या पदाला ऐकणारा सापडला नाही ते गेलं, कितीही गाजलेलं असो. सात पदं उरली.

मोठ्या दिग्दर्शकांनीही हाच पेच सोडवलेला दिसतो. 2016 च्या 'नटसम्राट'मधला रामभाऊ मूळ नाटकात नाही. तो आल्यामुळे नायकाला, बेलवलकरांना, बोलायला समोर माणूस मिळाला. 'हैदर'मध्ये (2014) हॅम्लेटचं स्वगत लाल चौकातल्या गर्दीपुढे होतं. लॉरेन्स ऑलिव्हिएने 1948 च्या आपल्या 'हॅम्लेट' चित्रपटात त्याच स्वगताचा काही भाग मिटलेल्या ओठांवर, मनातला आवाज म्हणून ऐकवला. ही तिसरी युक्ती गद्याला चालते, पदाला नाही. ओठ मिटलेले आणि तान चालू, की बघणारा ते पार्श्वगीत समजतो आणि पात्रापासून सुटतो.

'म्हातारा इतुका न' हे थट्टेचं पद, त्यामुळे ऐकणारी शारदा समोरच आहे. फक्त आवर्तनं कमी केली. अडलं ते 'मूर्तिमंत भीती उभी'पाशी, कारण तिथे शारदा एकटी. शेवटी दाराआड आईला, इंदिराकाकूला, उभं केलं. पद खालच्या पट्टीत, ताना नाहीत, आणि निम्मा वेळ कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर. शारदेच्या भूमिकेत गाजलेल्या गायकनट केशवराव भोसल्यांच्या गावात या पदाच्या ताना गाळल्या म्हणून रसिक बोल लावतीलच. लावू देत. दाराआड आई उभी असताना मुलगी ताना घेईल, हे पटत नाही.

आजचा काळ की तेव्हाचा

कथा आजच्या काळात आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. 'शारदा'ला ते झेपत नाही. कांचनभट पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला देतो, यातली कोंडी अशी की तिला सोडवणारं बाहेरचं कुणी नाही. आज 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकाला फोन लावता येतो. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारणार, फोन का नाही केला? नाटकाचं कुलूपच निखळतं. काळ हलवायचा तर आधी नवं कुलूप शोधावं लागतं, कपडे आणि मोबाईल नंतर. ते सापडलं नाही, म्हणून काळ 1899 च ठेवला.

मग दुसरी अडचण येते. लग्न मोडतं ते वर आणि मुलगी सगोत्र निघतात म्हणून, मुलीच्या नकारामुळे नाही. आजच्या तरुण प्रेक्षकाला हा योगायोग वाटतो. शेवट बदलला नाही. या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड गोत्र उघड करतो तेव्हा मांडवातला प्रत्येक माणूस एकमेकांकडे बघतो, शारदेकडे कुणीच नाही, असं शॉटांचं नियोजन केलं. संवाद देवलांचेच, टीका कॅमेऱ्याची. वरून निषेधाचं भाषण घालण्यापेक्षा हे बरं.

आवाज

सगळ्यात जास्त बिघाड इथेच. 1932 मध्ये प्रभात फिल्म कंपनीने याच गावात 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा गाणं कॅमेऱ्यापुढेच गाऊन मुद्रित व्हायचं. आम्हीही पदं जागेवरच गाऊन घेतली, कारण आधी मुद्रित केलेल्या पदावर ओठ हलवताना गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि जवळच्या शॉटमध्ये ते लगेच कळतं.

पण लय सरकते. तीन मिनिटांचं पद मिनिटाला 72 मात्रांनी घेतलं आणि पुढचा टेक 76 ने झाला, तर दुसरा साडेनऊ सेकंद आधी संपतो. हे दोन टेक एकमेकांत कापता येत नाहीत. उपाय : गाणारीच्या एका कानात बारीक इअरपीस, त्यात तानपुरा आणि मात्रेची टिकटिक. आवाज कमी ठेवा, नाहीतर टिकटिक माइकात शिरते. पेटी आणि तबला जागेवर वाजवायचे नाहीत, संकलन झाल्यावर त्यावर वाजवून घ्यायचे. जागेवर वाजवले तर प्रत्येक कटला पेटीचा सूर तुटतो.

नऊवारीत कॉलर माइक पदरावर लावला की काठाची जर खरखरते. चोळीच्या आतल्या शिवणीला, दोन्ही बाजूंनी मऊ चिकटपट्टी लावून बसवा. शिवाय वरून बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, हवाच. मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि बोलण्याची शिखरं उणे 12 डेसिबलपाशी. गाताना आवाज अचानक चढतो, त्यामुळे पदासाठी आणखी 6 डेसिबल खाली धरा.

उजेड

सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेवरचे दिवे लुकलुकत नाहीत. समईचा उजेड 1900 केल्विनच्या आसपास असतो. कॅमेरा 3200 वर ठेवला की तो पिवळा राहतो आणि चेहरा मेलेला दिसत नाही. समई एकटी पुरत नाही. तिच्यामागे मंद केलेला 2700 चा बल्ब लपवावा लागतो.

वाड्यातली चौकट तपासताना विजेचा मीटर, पाण्याची काळी टाकी आणि भिंतीतले स्विच डोळ्यांत भरतात. सूप किंवा घोंगडी टांगून झाकता येतात. हॉर्नला मात्र इलाज नाही, पहाटेच काम करायचं.

अभिनयाचं थोडक्यात : शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेल्या नटाला 'कमी कर' सांगून भागत नाही. त्याच्यापुढे हातभर अंतरावर माणूस बसवा, नजर आणि आवाज दोन्ही आपोआप खाली येतात. शारदेसाठी सज्ञान मुलगीच घेतली.

हक्कांबद्दल विचारणा होते. देवलांचं निधन 1916 चं, म्हणजे संहिता मोकळी. जुन्या ध्वनिमुद्रिकांचं तसं नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं राहतो, त्यामुळे तबकडीचं साल पाहिल्याशिवाय एक ओळही उचलू नका.

बाकी

शारदा जीव द्यायला जाते तो प्रसंग पंचगंगा घाटावर. जुना शिवाजी पूल काळाला शोभतो, शेजारचा नवा पूल शोभत नाही. कॅमेरा पाण्यालगत, गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की नवा पूल देवळाच्या शिखराआड जातो. हे पाणी उतरलेलं असतानाच जमतं. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट आहे, पण घाटावरची देवळं त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातात. म्हणून मेअखेरीआधी, सूर्योदयाच्या सुमारास. उजाडलं की धुणी आणि आंघोळी सुरू होतात. पाण्यात उतरायचा शॉट पाठमोरा, दोराला बांधून, काठावर दोन पोहणारे ठेवून. नऊवारी भिजली की भलती जड होते, तेव्हा कोरड्या दुसऱ्या लुगड्याची सोय आधीच करायची.