कारण शोधताना

माझ्या मुलीच्या पाठीमागे स्टीलचे ताट फरशीवर आदळले आणि तिने मान वळवली नाही, तेव्हा ती ११ महिन्यांची होती. आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणाऱ्या बेरा तपासणीत दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण असल्याचे निष्पन्न झाले. श्रवणयंत्रे लगेच बसवली. मात्र हे का झाले, हा प्रश्न घरात ठाण मांडून बसला आणि नातेवाइकांनी पत्नीने ग्रहण पाळले नाही इथपर्यंत बोल लावला. ते मला आजही सहन होत नाही.

जनुकतपासणीत जीजेबी२ या जनुकातील दोष सापडला. आतल्या कानातील पेशींना परस्परांशी जोडणारे सूक्ष्म मार्ग ज्या कोनेक्सिन २६ प्रथिनाचे बनतात, ते याच जनुकावरून घडते. आम्हा दोघांनाही उत्तम ऐकू येते, घराण्यात कोणी बहिरे नाही. तरीही प्रत्येकाकडून एकेक सदोष प्रत तिच्याकडे आली. अशा दोन्ही सदोष प्रती एकत्र आल्या की बहिरेपण येते, आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हीच शक्यता २५ टक्के आहे.

त्याआधी डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला, तेव्हा मी गोंधळलो होतो. काही जन्मजात बहिऱ्या मुलांत हृदयाच्या ठोक्यांचा जीवघेणा दोषही असतो, हे मला तेव्हा कळले. गर्भातच संसर्ग होऊन बहिरेपण आणू शकणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची शंका मात्र आम्हाला थेट तपासता आली नाही, कारण लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत झाली तरच संसर्ग गर्भातला होता असे खात्रीने म्हणता येते, आणि प्रसूतिगृहात बाळाचे कानही कोणी तपासले नव्हते.

अहवाल आला त्या संध्याकाळी पत्नीने तो दोनदा वाचला आणि आपल्या सासूबाईंसमोर ठेवला.