सांगोडासाठी सांगड बांधताना

गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी गोव्यातल्या कुंभारजुव्यात सांगोड होतो, म्हणजे पाण्यावरून निघणारी गणपती विसर्जनाची मिरवणूक. तिसवाडी तालुक्यातलं हे एक बेट. मांडवी आणि झुवारी या नद्यांना जोडणाऱ्या खाडीच्या काठावर वसलेलं. दोन होड्या जोडून केलेल्या सांगडीवर गणपती बसतो आणि त्याच्या आगेमागे पौराणिक देखाव्यांच्या सांगडी पाण्यावरून फिरतात. काठावर उभे राहणारे देखावे बघतात, आणि बघावेतच. मी मात्र देखाव्याच्या खाली काय असतं त्याबद्दल लिहिणार आहे, कारण नव्याने सांगड काढणारी मंडळं आधी देखावा ठरवतात आणि मग होड्या शोधतात. क्रम उलटा हवा. होड्या कोणत्या मिळतात ते कळल्याशिवाय कागदावर रेघही ओढू नये.

दोन्ही होड्या जवळजवळ सारख्या मापाच्या लागतात. एक लांब आणि एक आखूड घेतली, तर आखूड होडी जास्त बुडते आणि सगळी सांगड एका कुशीवर कलते. 7 मीटर लांब आणि मध्यावर 90 सेंटिमीटर रुंद अशा दोन होड्या धरू. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागे त्या निमुळत्या होतात, म्हणून दोघींचं मिळून पाण्यावर टेकणारं क्षेत्र साधारण 9 चौरस मीटर भरतं. याचा अर्थ, दर 90 किलोंमागे सांगड एक सेंटिमीटर खाली जाते. हा हिशेब आम्ही पाटावर खडूने लिहून ठेवतो. फळ्या आणि आडवे बांबू 200 किलो, देखाव्याची चौकट 120, वल्हेकरी आणि कलाकार मिळून नऊ जण 540, बॅटरी 30. एकूण 890 किलो, म्हणजे 10 सेंटिमीटर. सगळे चढल्यावरही होडीचा काठ पाण्यापासून किमान एक वीत वर राहिला पाहिजे. राहत नसेल तर माणसं कमी करावीत. चौकट हलकी करू म्हणणारे शेवटच्या दिवशी तिला आणखी रंग आणि कापड चढवतात, हा नेहमीचा प्रकार आहे.

दोन होड्यांच्या मध्यांमधलं अंतर आम्ही अडीच मीटरच्या आसपास ठेवतो. त्याहून जवळ आणल्या तर सांगड डोलते. फार लांब नेल्या तर मधला बांबू वाकतो आणि वरची फळी नाचायला लागते. आडवे बांबू चार, जाड आणि पूर्ण वाळलेले. ते होडीच्या काठाला बांधू नयेत. काठाची फळी सगळा ताण घेऊ शकत नाही, उचकटते. बांधायचं ते आतल्या आडव्या बैठकीच्या फळीला. दोरी सुंभाची किंवा कापसाची घ्यावी आणि बांधण्याआधी भिजवून घ्यावी. नायलॉनची दोरी मजबूत दिसते, पण भिजली की ताणते आणि गाठ सैल पडते. सकाळी घट्ट असलेली बांधणी संध्याकाळी पाण्यात कुरकुरायला लागते ती यामुळेच. तीच वापरायची वेळ आली तर बांधून, भिजवून, तासाभराने सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्यात.

फळ्या ठोकताना दोन्ही होड्यांच्या वर हात जाईल एवढी एकेक खिडकी उघडी ठेवणं मी कधीच सोडणार नाही. दिवस भाद्रपदाचे. एक जोराची सर आली आणि 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर उघड्या होडीत 80-90 लिटर पाणी साचू शकतं. वर फळ्या, त्यावर चौकट, त्यावर मुलं बसलेली. ते पाणी उपसणार कुठून? नुसतं वजन वाढतं असंही नाही. साचलेलं पाणी होडीच्या आत एका बाजूला धावतं आणि कलणं आणखी वाढवतं. प्रत्येक खिडकीपाशी एक माणूस आणि एक डबा, एवढीच तजवीज पुरते.

देखाव्याच्या मागचा पडदा हा दुसरा घातक भाग. 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पडदा ताणून लावला की ते शीडच झालं. पावसाआधीचा वारा ताशी 35 किलोमीटरने आला, तर त्यावर 50 किलोंच्या वर जोर बसतो, तोही उंचावर. म्हणून कापडात जागोजागी चिरा ठेवायच्या, वरचा तिसरा हिस्सा जाळीचा करायचा आणि मूर्ती, सिंहासन, डोंगर हे सगळं बांबूच्या कामट्यांवर कापड चिकटवून घडवायचं. पुठ्ठा आणि कागदाचा लगदा पावसात पाणी पिऊन जड होतो, मग गळून पडतो. थर्माकोल वाऱ्याने तुटून खाडीत जातं आणि कांदळांच्या मुळांत अडकून राहतं. ते आम्ही आणतच नाही.

आता भरती. कोकणातला जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. सातवा दिवस तिथीची ओढाताण नसेल तर दशमीला येतो. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे दुपारी दीडच्या आसपास ओहोटीचा तळ आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पाणी भरलेलं. आडाखा ढोबळ आहे, म्हणून मुरगाव बंदराचा त्या वर्षीचा तक्ता बघावाच, आणि खाडीत आत पाणी काहीसं उशिरा पोचतं हेही धरावं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते, तिचा ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतका जोराचा नसतो. सातव्या दिवसाचा हा मोठा फायदा. पण घाटावर दोन दिवस पाऊस लागून राहिला असेल तर नदीचं पाणी खाली रेटतं आणि भरती चढत असतानाही सांगड मागे ओढली जाते. तेव्हा चार वल्ह्यांच्या जोडीला दोन लांब बांबू आणि एक सोबतीची मोकळी होडी हवी.

दुपार कलल्यावर चढत्या पाण्यात निघायचं. सांगडी ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या असताना बांधून घेतल्या, तर बांधायला सोपं जातं, पण तेव्हाच त्यांवर सगळं वजन चढवू नये. टेकलेल्या होडीचा तळ मध्यावर दबतो आणि जुन्या सांध्यांतून पाणी येऊ लागतं. तरंगल्यावर चढवावं.

मुलांना पोशाखाच्या आत जीवरक्षक जाकीट. कृष्णाच्या शेल्याखाली, राक्षसाच्या चिलखताखाली ते लपतं, म्हणून शिंप्याला माप जाकीट घालूनच द्यायचं. काठावरून कोणी फोटोसाठी हाक मारली की सगळी मुलं एकाच बाजूला धावतात. प्रत्येकाची जागा फळीवर रंगाने आखून ठेवली की हे आवरतं. या खाडीत मगरी आहेत, तेव्हा हौसेने पाण्यात पाय सोडून बसणं बंद.

दिव्यांसाठी जनित्र चढवू नये. वजन, धूर आणि गोंगाट तिन्ही त्याच्यासोबत येतात, आणि घरगुती दाबाची वीज ओल्या फळीवर नकोच. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरायची असं धरलं, तर 5 मीटरच्या दोन एलईडी पट्ट्या चार तास चालतात. तेवढा प्रकाश पुरतो.

गोंगाट नसला की घुमट, म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं चढवलेलं वाद्य, ऐकू येतं, आणि सांगोडाचा प्राण तोच आहे. गोव्यातल्या मराठी आरत्या घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळी म्हणजे झांजा यांवर रंगतात. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. ते कायद्याने बंद आहे आणि आता बकऱ्याचं चढवतात. दमट हवेत हे कातडं सैल पडून आवाज बसतो. निघण्याआधी काठावर निखाऱ्यांपासून हातभर लांब धरून फिरवत शेकावं, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून न्यावं. सांगडीवर विस्तव नाही. प्रत्येक वादकाला दोन घुमटं दिली तर एक वाजत असताना दुसरं कोरडं राहतं. मातीचं भांडं फळीवर आपटून फुटतं, म्हणून मांडीखाली गादीचा तुकडा.

कागदपत्रं फारशी नाहीत, पण वेळेत हवीत : पंचायत, पोलीस, आणि होड्यांसाठी बंदर कप्तान खातं. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. काठावर खाजे आणि कडयो-बोडयो या मिठायांची दुकानं लागतात, ती चढण्या-उतरण्याच्या पायऱ्यांपासून लांब बसवायला पंचायतीला आधीच सांगावं. गर्दीत ओल्या पायऱ्यांवर मुलं उतरवणं हे पाण्यावरच्या कामापेक्षा अवघड जातं.

विसर्जनानंतर सांगड लगेच सोडावी. पाणी उतरू लागलं की दोन तासांत होड्या चिखलात बसतात आणि मग फळ्या डोक्यावरून न्याव्या लागतात. आधी पडदा, मग चौकट, मग फळ्या, शेवटी आडवे बांबू. आधी बांबू सोडले तर वरचं सगळं एका होडीवर येतं. दोऱ्या गोड्या पाण्यात धुऊन वाऱ्यावर वाळवाव्यात आणि होडीवाल्याच्या देखत दोन्ही होड्यांचे तळ तपासून परत द्याव्यात.