मोकळी जागा आणि ‘मा’

“पान अर्धं रिकामं ठेवता आणि पैसे अख्ख्या पानाचे घेता, ते कसं काय?” वेबसाइट बनवून पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न ऐकावाच लागतो. माझी चूक एवढीच की एकदा गिऱ्हाइकासमोर ‘जपानी मा’ असं बोलून बसलो. तेव्हापासून “ते तुमचं मा का काय” सुरूच आहे. ‘मा’ म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

‘मा’ म्हणजे दोन गोष्टींमधलं अंतर, जागेतलं आणि वेळेतलंही. ते लिहायचं चिन्ह म्हणजे दरवाजा आणि त्यातून दिसणारा सूर्य. जुन्या रूपात सूर्याऐवजी चंद्र होता. क्योतोच्या रियोआन-जी मंदिरात एक बाग आहे. १५ दगड, भोवती फणीने विंचरल्यासारखी पांढरी खडी. ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दगड नजरेआड राहतोच. ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा थोर नट झेआमी पंधराव्या शतकात लिहून गेला, की नट काहीच करत नाही तिथेच प्रेक्षकाला खरी गोडी वाटते. १९७८ साली वास्तुकार अराता इसोझाकींनी तर पॅरिसमध्ये या एका शब्दावर अख्खं प्रदर्शन भरवलं.

(हे सगळं जपानी वेबसाइटवर शोधायला मात्र जाऊ नका. याहू जपानचं पहिलं पान म्हणजे रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती.)

माझ्या कामात ‘मा’ सगळ्यात आधी येतो तो ओळींमध्ये. इंग्रजीला अक्षराच्या दीडपट ओळ पुरते. मराठीत वरच्या ओळीतला ‘कृ’ किंवा ‘ट्टू’ खाली लोंबतो आणि खालच्या ओळीतल्या ‘र्मी’च्या रफारावर जाऊन आदळतो. मी १.८ पट ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, पान लांब झालं. होऊ दे की!

पण मला ‘मा’ खरा कळला तो तोंडावर आपटल्यावर. एका मंगल कार्यालयाची साइट होती. फिरते फोटो, सरकती पट्टी, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं काढलं. हॉलचा एक फोटो, ‘तारीख मोकळी आहे का बघा’ हे एकच बटण, आणि खाली ऐसपैस पांढरी जागा. मी खूश. महिनाभराने मालकांचा फोन: “साहेब, लोक ताटाचा दर विचारायला फोन करतायत. तुम्ही टाकलाच नाही का?”

टाकला होता, त्या पांढऱ्या जागेच्या खाली. मोबाइलवर बटणानंतर सगळं पांढरं दिसायचं. पान संपलं असं समजून लोक परत फिरत होते. दोन दगडांमधली खडी म्हणजे बाग. एकच दगड दिसला तर ते नुसतं अंगण.

रिकामी जागा काही मी भरली नाही. ‘जेवण आणि दर’ हे शीर्षक एवढंच वर ओढलं की फोनच्या तळाशी त्याची शिरोरेषा आणि अर्धी अक्षरं डोकावतील. दराचे फोन बरेच कमी झाले. मालकांनी मात्र लगेच विचारलं, “ते अक्षर अर्धं कापलं गेलंय, तेवढं दुरुस्त करता का?”